पौषातला मेंढवाडा

छत्रपती संभाजीनगर,
४ नोव्हेंबर २०२५

परमपूज्य गुरुवर्य मजीद सर,
सादर प्रणाम.

आपल्याला फोनवरचं ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचे निरोप आपण वाचत नाही, हे ठाऊक असल्यामुळे बऱ्याच वर्षांनी हातात पेन घेतलं. खुलताबादच्या कॉलेजात आपण शिकवलेलं प्राणिशास्त्र थोडंफार विसरलो असेन, पण आपली भाषणं विसरलो नाही. फुलंब्रीचा एक पोरगा आपल्या आशीर्वादानं आज सातमाळा विद्यापीठात पशुविज्ञान विभागाचा प्रमुख आहे.

पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाला सक्तीचा असलेला 'संशोधन आणि प्रकाशन नीती' हा विषयही विद्यापीठानं माझ्यावर सोपवला आहे. त्याची मोठी कार्यशाळा १२ जानेवारीला घेतोय. उद्घाटनाला आपण यावं आणि 'संशोधनातील सचोटी' या विषयावर बोलावं, अशी कळकळीची विनंती. पुस्तिका छापून तयार आहे. संगणकावर तपासून घेतली. इतर मजकुराशी असलेलं साम्य नऊ टक्क्यांवर आणलं आहे.

एक खासगी गोष्ट. पिशोरच्या बिरू धनगराची अंबिका आपलीच विद्यार्थिनी. मेंढ्यांच्या जंतांवरच्या एका नव्या औषधाचा अभ्यास ती माझ्या हाताखाली करते. पेरणीआधीचं काम झालं, पावसाळ्यातलं झालं. हिवाळ्यातलं काम मात्र तिनं अर्ध्यावर सोडलं, आणि आता वर विभागाविरुद्ध बोलत फिरते. तिच्या नोंदणीची मुदत मार्चअखेर संपते. माझ्या सहीशिवाय प्रबंध जमा होत नाही. पोरीचं वाटोळं होऊ नये असं वाटतं. आपलं ती ऐकते. चार शब्द सुनवाल तर बरं होईल.

आणि सर, जानेवारीत आलात की हुरड्याला फुलंब्रीला चलायचंच. गेल्या पौषात आमच्या मोकळ्या रानात धनगरांचा कळप बसवला होता. त्या खतावर यंदा ज्वारी अशी उठलीय की बघत राहाल.

आपला विद्यार्थी,
सर्जेराव

खुलताबाद,
१० नोव्हेंबर २०२५

अंबिका,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही म्हणून नुसतं नाव लिहितोय.

सर्जेरावचं पत्र आलं. तीन हंगामांचं काम घेतलंस आणि दोनच करून थांबलीस म्हणे. का गं? थंडी वाजली? की शहरातल्या खोलीत पंखा लावून बसायची सवय झाली आणि मेंढरांचा वास नकोसा झाला?

मला अशा संशोधकांची मनापासून शिसारी येते. सध्या त्यांचं उदंड पीक आलं आहे. नावामागं डॉक्टर हवं, गळ्यात ओळखपत्र हवं, घरच्या दारावर पाटी हवी. फक्त काम तेवढं नको. आणि काम झालं नाही की दोष विभागाचा, मार्गदर्शकाचा, नशिबाचा. तुझा बाप मेंढरांमागं आयुष्यभर चालला. त्याला कधी कुणी म्हटलं का, की आज थंडी आहे, अर्ध्या वाटेतून परत ये?

तू माझ्या वर्गातली सर्वांत हट्टी मुलगी होतीस. त्या हट्टाचा मला अभिमान होता. आता कुणी तुझं नाव काढलं तर मला विषय बदलावा लागेल.

काम पूर्ण कर. नाहीतर मला पत्र पाठवू नकोस.

मजीद

छत्रपती संभाजीनगर,
१९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,

पत्र पाठवू नकोस म्हणालात, तरी पाठवतेय. हट्टी आहेच मी.

पहिल्या वर्षी तुम्ही आम्हाला बेडकाचं हृदय दाखवलं होतं. आम्ही सगळ्यांनी पुस्तकातलं माणसाचं हृदय बघून चार कप्पे काढले. तुम्ही वह्या भिरकावल्या आणि ओरडलात, "तुम्ही स्वतः बघितलंत का?" बेडकाला तीनच कप्पे असतात. ते एक वाक्य घेऊन मी इथवर आले. या वेळी तुम्ही मला ते विचारलं नाही.

आता मी जे स्वतः बघितलं ते सांगते.

आमच्या कामाचा आराखडा सर्जेराव सरांनी केला. तिन्ही हंगामांत पिशोरच्या मेंढवाड्यात जाऊन मेंढ्यांना औषध द्यायचं, रक्त काढायचं, पुढं लक्ष ठेवायचं. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "सर, दिवाळी झाली की कळप पिशोरला नसतो. आबा मेंढरं घेऊन फुलंब्रीवरून खाली गोदावरीकडं जातात. वाटेत शेतांत बसवतात. ज्येष्ठात माघारी येतात. पौषात मेंढवाड्यात कुत्रंबी नसतं." सर म्हणाले, "तेव्हाचं तेव्हा बघू."

गेल्या वर्षी डिसेंबरात मी कळपामागं जायची परवानगी मागितली. सरांनी नाही म्हटलं. का, माहीत आहे? नीतीच्या विषयाची चित्रं आणि टिपणं तयार करायला त्यांना माणूस हवं होतं. खोटे आकडे ओळखायचे कसे, यावर चाळीस पानं मी तयार करत होते, तेव्हा माझे खरे आकडे गोदावरीच्या वाटेवर चरत होते.

मार्चमध्ये त्यांनी केबिनमध्ये बोलावलं.

"दोन हंगामांचे आकडे आहेत ना? मग त्यांच्या मधला तिसरा काढ. थोडा वर, थोडा खाली. त्यात काय एवढं?"

"सर, मेंढरं तिथं नसतात हो पौषात."

"कागदावर असतात."

"आणि गाभण असतात तेव्हा. औषधानं गाभाला काय होतं, कुणी बघितलंच नाय."

"अंबिका, तू शास्त्रज्ञ व्हायला आलीस की धनगरीण राहायला?"

मी हसले, सर. बाहेर येऊन रडले.

ऑगस्टमध्ये निलोफरनं मला मोबाइलवर एक शोधनिबंध दाखवला. निलोफर माझ्यासोबत पीएच.डी. करते, इथल्याच जिन्सीची आहे. म्हणाली, "मुबारक हो, तेरा नाम छपा." पहिलं नाव सरांचं, दुसरं माझं. त्यात लिहिलं होतं: 'पौष महिन्यात पिशोर येथील मेंढवाड्यातील गाभण मेंढ्यांना औषध देण्यात आले. कोणताही दुष्परिणाम आढळला नाही.' मी तो मजकूर आधी कधीच बघितला नव्हता. सरांना विचारलं, तर म्हणाले, "तुझं नाव घातलं, आभार मान."

आता त्या निबंधाच्या भरवशावर औषध कंपनी होळीच्या आत शिबिरं घेणार आहे. पैठणकडच्या सगळ्या कळपांना डोस. आबांचा कळप तिथंच असेल.

मी सही मागितली की सर म्हणतात, "आधी तिसरं प्रकरण लिही." म्हणजे ते खोटं माझ्या प्रबंधात माझ्या हातानं यायला हवं.

आणि सर सगळ्यांना दाखवतात ती कार्यशाळेची पुस्तिका. साम्य नऊ टक्क्यांवर कसं आणलं, तेपण सांगते. परक्या पुस्तकातली पानं घेतली आणि विद्यार्थ्यांना शब्द बदलायला बसवलं. जिथं 'चोरी' होतं तिथं आता 'विनापरवानगी उचल' आहे.

वास मला कधीच नकोसा झाला नाही, सर.

अंबिका

खुलताबाद,
२७ नोव्हेंबर २०२५

चि. सर्जेराव,
अनेक आशीर्वाद.

निमंत्रण मान्य. सचोटीचा विषय विद्यापीठानं तुझ्याकडं दिला हे वाचून मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही.

माझं लिखित भाषण मागू नकोस. मी सिद्धांत सांगायला येणार नाही. ते तुझ्या पुस्तिकेत आहेतच, नऊ टक्के सोडून सगळे तुझे. मी मातीबद्दल बोलेन. फुलंब्रीच्या रानातून एक पोरगा इथवर कसा आला, त्या रानाबद्दल. तुझ्या पत्रातली हुरड्याची गोष्ट मला फार आवडली. मी ती पुन्हा पुन्हा वाचली.

एक अडचण आहे. मला आता अगदीच कमी ऐकू येतं. व्यासपीठावर मी तुला काही विचारलं तर लाजू नकोस, माइक हातात घेऊन खणखणीत उत्तर दे. नाहीतर म्हातारा गुरू बावळट दिसेल.

मेंढ्यांवरचा तुझा छापील शोधनिबंध पाठव. उद्घाटकानं यजमानाचं काम वाचलेलं असावं.

अंबिकेला मी खरमरीत पत्र लिहिलं आहे.

तुझा,
मजीद

छत्रपती संभाजीनगर,
९ डिसेंबर २०२५

परमपूज्य सर,

आपलं पत्र वाचून डोळे भरून आले! विभागात सगळ्यांना दाखवलं. कुलगुरू साहेबांनी स्वतः म्हटलं, "असे गुरू आता कुठं राहिले?" माइक माझ्याच हातात असेल, निश्चिंत असावं.

निबंध सोबत पाठवतो. याच निबंधाला विद्यापीठाचा उत्कृष्ट संशोधनाचा पुरस्कार जाहीर झाला आहे आणि आपल्याच हस्ते तो स्वीकारण्याचं भाग्य मला लाभणार आहे. औषध कंपनीचे साहेबही पहिल्या रांगेत असतील.

अंबिकेला आपण लिहिलंत, फार उपकार झाले. हल्ली ती गप्प असते. म्हणजे परिणाम झाला म्हणायचा! आपले हे विद्यार्थी हुशार असतात हो, पण व्यवहार कळत नाही. एखादा आकडा इकडचा तिकडं झाला म्हणून आभाळ कोसळत नाही, हे त्यांना अनुभवानंच समजतं.

गाडी सकाळी दारात येईल. शालीचा रंग कोणता आवडेल?

आपला,
सर्जेराव

छत्रपती संभाजीनगर,
५ जानेवारी २०२६

सर,

टीव्ही सेंटरच्या चौकात मोठा फलक लागलाय. त्यावर तुमचा फोटो आहे. हसरा. शेजारी सर्जेराव सर, हात जोडलेले. खाली लिहिलंय, 'गुरू-शिष्य परंपरेचा सोहळा.'

माझ्या पत्राला तुम्ही उत्तर दिलं नाही. दीड महिना मी रोज पोस्टमनला विचारलं. उत्तर चौकात मिळालं.

निलोफर म्हणते, "छोड ना, बुड्ढे लोगां को शाल अच्छी लगती." मी तिच्याशी भांडले. मग चौकात परत जाऊन फोटो बघितला आणि भांडण मागं घेतलं.

मी उद्या निघतेय. आबांचा कळप फुलंब्री सोडून गोदावरीकडं पोचलाय. प्राण्यांवर प्रयोग करायची आमची मंजुरी मार्चपर्यंत आहे, ती तिन्ही हंगामांची आहे आणि माझ्या नावावर आहे. पैठणचे एक पशुवैद्य सोबत यायला तयार झाले. निलोफरनं रक्ताचे नमुने ठेवायला बर्फाची पेटी दिली. काल आईशी बोलले. म्हटलं, "आई, आपल्या मेंढरांना औषध देऊन बघायचंय. गाभ पडेलबी कदाचित." आई म्हणाली, "सगळ्यांचा पडायच्या आधी आपल्या चार बघू. ये तू."

सुगंधाबाई तिचं नाव. शाळेत गेली नाही. फलकावर तिचा फोटो कधी येणार नाही.

या वेळी मीच सांगते: मला पत्र पाठवू नका.

अंबिका

खुलताबाद,
१४ जानेवारी २०२६

प्रिय अंबिका,

तू पाठवू नका म्हणालीस, तरी पाठवतोय. हे पत्र पैठणच्या पशुवैद्यांच्या पत्त्यावर टाकतो, तुला मिळेल.

आधी माझं. मी तुला न विचारता तुझा निकाल लावला. बेडूक न बघता चार कप्पे काढले. त्यासाठी तुझी माफी मागतो. नंतर गप्प राहिलो तो मात्र मुद्दाम. तुला आधी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "सर, आधी रीतसर अर्ज करू." अर्ज सर्जेरावच्याच टेबलावर गेला असता. तिथं नीतीची समिती आहे आणि समितीचा अध्यक्ष तोच आहे.

आता तिथं काय झालं ते ऐक.

सभागृह भरलेलं. दारात प्रत्येकाच्या छातीला बिल्ला लावत होते, 'मी सचोटी पाळतो.' टाचणीनं. सचोटीला एवढी टाचणी लागते हे मला माहीत नव्हतं. दिवा लागला, गाणं झालं, आणि मग प्रत्येकानं उभं राहून शपथ घेतली. कागद बघून. दोनशे माणसं एका सुरात म्हणत होती की आम्ही आकडे रचणार नाही, आणि त्यांतली निम्मी शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावत होती. मी आयुष्यात खूप सभा बघितल्या. खोटं बोलणारे बघितले, लुटणारे बघितले. पण लूट करण्याआधी एवढी निर्मळ तोंडं करून रांगेत उभी राहिलेली माणसं बघितली नव्हती.

पुरस्कार माझ्या हातून द्यायचा होता. मी म्हटलं, "आधी दोन शब्द बोलतो."

मी फुलंब्रीबद्दल बोललो. तिथली माती, तिथलं रान. सर्जेराव फुलत चालला होता. मग मी त्याच्याकडं वळलो.

"सर्जेराव, पौषात तुमच्या रानात काय असतं?"

तो माइक घेऊन उभा राहिला. खणखणीत. "हुरडा, सर!"

लोक हसले. मी कानाला हात लावला. "आणि मोकळ्या रानात?"

"मेंढरं, सर! धनगरांचा कळप बसवतो आम्ही."

"कुठले रे धनगर?"

"पिशोरचे, सर. बिरूचा कळप. वडिलांच्या काळापासून दर पौषात तोच येतो."

"गेल्या पौषात?"

"गेल्या पौषात तर मी स्वतः होतो, सर! विभागातले सगळे होते. कुलगुरू साहेबपण आले होते हुरड्याला. मेंढीच्या दुधाचा चहा घेतला त्यांनी!" त्यानं कुलगुरूंकडं बघितलं. ते हसून मान हलवत होते. सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

टाळ्या संपेपर्यंत मी थांबलो. मग खिशातून त्याचा निबंध काढला आणि एक वाक्य वाचलं. 'पौष महिन्यात पिशोर येथील मेंढवाड्यातील गाभण मेंढ्यांना औषध देण्यात आले.' कळपाच्या मालकाचं नाव निबंधातच दिलं आहे. बिरू. तेही वाचलं. आणि खाली बसलो. माझ्या आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण.

मला ऐकू येत नाही, पण शांतता कळते.

मागच्या रांगेतून कुणीतरी मुलगी उठली. ती काय म्हणाली हे शेजारच्यानं मला कागदावर लिहून दाखवलं. "सर, बिरूची मेंढरं तुमच्या रानात होती, तर पिशोरला डोस कुणाला दिला?" मला वाटतं, ती तुझी निलोफर असावी.

सर्जेराव माझ्याकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. तो अजून हिशेब लावत होता, की नेमकी चूक कुठं झाली. चाळीस पानं शिकवतो तो, खोटं कसं ओळखायचं यावर. स्वतःचं ओळखायला त्याला माझ्यासारखा बहिरा लागला.

आणि नंतर काय झालं असेल? आभारप्रदर्शन झालं. एका बाईंनी 'सरांच्या मौलिक मार्गदर्शनाबद्दल' माझे आभार मानले. शाल आली. मी ती खुर्चीवरच ठेवून निघालो. औषध कंपनीचा साहेब माझ्याआधी बाहेर पडला होता, मोबाइल कानाला लावून. चहाला सगळे थांबले. या देशात काहीही उघडं पडलं तरी चहाला सगळे थांबतात.

कुलगुरूंना मी दारातच सांगितलं. निबंध मागं घ्या, शिबिरं थांबवा, नाहीतर हेच भाषण मी पैठणच्या बाजारात करीन, आणि तिथं माइक लागणार नाही.

एवढ्यानं तुझी सही मिळेल असं मात्र मला वाटत नाही. कदाचित मी ती आणखी लांब ढकलली असेल. ते मला कळतं.

तुझा,
मजीद सर

गोदावरीकाठ, पैठण तालुका,
२१ फेब्रुवारी २०२६

आदरणीय सर,

तुमचं पत्र मिळालं. आबांना वाचून दाखवलं. चहाचं आलं तिथं ते म्हणाले, "व्हय, आला होता एक सायेब. दूध जास्त घाल म्हणत होता." आणि एवढे हसले की मेंढरं बुजली.

निलोफरचा निरोप आला. निबंध मागं घेतलाय. कारण छापलंय, 'काही तांत्रिक बाबींमुळे.' शिबिरं रद्द झाली. पुरस्कार पुढच्या वर्षी देणार आहेत, कुणाला ते ठरलं नाही. नीतीचा विषय अजून सर्जेराव सरांकडंच आहे. या सत्राला जास्त विद्यार्थी आलेत म्हणे.

माझ्या प्रबंधावर सही करायला दुसरं कुणी तयार नाही. तीन मार्गदर्शकांना विचारलं. एक म्हणाले, "तुझ्याकडं बघितलं की मला ते सभागृह आठवतं." मार्च येईल आणि जाईल. नव्यानं नोंदणी करावी लागली तर करीन. आबांनी विचारलं, "मग एवढं शिकून काय झालं?" मी म्हटलं, "आबा, अजून शिकतेच आहे."

आता कामाचं.

गाभण मेंढ्यांपैकी आठ जणींना डोस दिला, आठ तशाच ठेवल्या. डोस दिलेल्यांपैकी तिघींनी गाभ टाकला. न दिलेल्यांपैकी एकीनं. आई त्या दिवशी जेवली नाही. आबा म्हणाले, "औषधच वंगाळ. लिहून टाक."

"आबा, एवढ्या थोड्यावरून तसं नाय म्हणता येत. थंडी होती, चाल होती. दुसरंबी कारण असू शकतं."

"तीन कोकरं गेली, आणि तुला म्हणता येत नाय?"

"नाय."

"मग सर्जेराव म्हणतो तसं बरं आहे म्हणायचं का?"

"तेबी नाय म्हणता येत."

आबा म्हणाले, "मग तवर डोस कुणीच द्यायचा नाय. पुढल्या पौषात फेर बघू. तवा चाळीस घे."

तेवढंच मी लिहिलं, सर. किती मेंढ्या, कुठल्या गावाच्या शिवारात, थंडी किती, चाल किती, काय झालं. शेवटी लिहिलं: हे औषध गाभण मेंढ्यांना चालतं की नाही, हे अजून माहीत नाही. पशुवैद्यांना विचारलं, तुमचं नाव घालू का? ते म्हणाले, "मी फक्त सोबत होतो. आभारात घाल."

मग खाली माझं एकटीचं नाव घातलं.

अंबिका